सत्तरीनंतरची उचल



आमच्या भोर-वेल्ह्याकडे ‘उचल’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. सावकाराकडून किंवा मालकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ही एक उचल, आणि जमिनीवरचें ओझें वर घेणें ही दुसरी. मी आज बोलणार आहें तें दुसरीविषयीं. परंतु पहिलीहि तुम्हीं मनांत असूं द्यावी. तरुणपणीं कमावलेल्या बळावर माणूस पुढें चाळीस-पन्नास वर्षें बिनबोभाट उचल घेत राहतो, आणि त्या खात्याची वही सत्तरीच्या सुमारास एकदम त्याच्यापुढें उघडली जाते. माझी कशी उघडली तें आधीं सांगतों.

चार वर्षांपूर्वीं भोरला आमच्या घरच्या एका कार्यांत मी पंगतीला बसलों होतों. वय एकाहत्तर. नोकरींतून निवृत्त होऊन तेरा वर्षें झालीं होतीं. पुण्यांत रोज सकाळीं तासभर फिरणें आणि आठवड्यांतून दोनदां पर्वतीच्या पायऱ्या चढणें हा नेम सहसा चुकत नसे, आणि त्याचा मला थोडासा गर्वहि होता. जेवणें आटोपलीं, मंडळी उठूं लागली, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, मला पाटावरून उठतां येत नाहीं. एक हात जमिनीला टेकला, दुसरा शेजारच्या पुतण्याच्या खांद्यावर ठेवला, तेव्हां कुठें मी उभा राहिलों. समोरच्या ओळींत माझी चुलतबहीण आक्का बसली होती. ती माझ्याहून तीन वर्षांनीं मोठी. तिचा सारा जन्म तोरण्याच्या पायथ्याच्या एका गांवीं भातशेतींत गेलेला. ती हात न टेकतां सरळ उठली, स्वतःचें व शेजारणीचें ताट उचललें, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “काय रे, पर्वतीच्या पायऱ्या कमी पडल्या वाटतं?”

आक्काचा प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्यांत जें सत्य होतें तें शरीरशास्त्रानें नीट तपासून पाहिलेलें आहे. पन्नाशीच्या पुढें आपल्या देहांतील स्नायूंचें मांस हळूहळू ओसरूं लागतें. पंचाहत्तरीच्या आसपास हा ऱ्हास वर्षाला शेंकडा पाऊण ते एक इतका असतो. बळाचा ऱ्हास मात्र त्याच्या तिप्पट-चौपट वेगानें होतो. तो वर्षाला शेंकडा अडीच ते चारपर्यंत जातो. म्हणजे मांडी आरशांत पूर्वीसारखीच दिसत असली, तरी तिच्यांतलें बळ केव्हांच निघून गेलेलें असूं शकतें. या स्थितीला १९८९ सालीं अमेरिकेंतील आयर्विन रोझेनबर्ग यांनीं ‘सार्कोपेनिया’ असें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाचें दारिद्र्य असा आहे.

हें दारिद्र्य येतें कसें? पाठीच्या कण्यांतून निघणारा एकेक मज्जातंतु स्नायूंतील शेंकडों धाग्यांवर हुकमत चालवितो. वय वाढतें तसे यांतले कांहीं तंतु मरतात आणि त्यांच्या ताब्यांतले धागे पोरके होतात. शेजारचे तंतु त्यांपैकीं कांहींना आश्रय देतात. बाकीचे वाळून जातात. त्यांतहि मोठा घाला पडतो तो चपळ धाग्यांवर. सावकाश चालण्याला, उभें राहण्याला लागणारे धागे निराळे, आणि पाय घसरला असतां क्षणार्धांत दुसरें पाऊल टाकून तोल सावरणारे धागे निराळे. हे दुसरे आधीं जातात. म्हणून एखादे आजोबा सकाळीं तासभर फिरून येतात आणि दुपारीं न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडतात.

फिरण्याविरुद्ध माझें कांहीं म्हणणें नाहीं. हृदय, फुप्फुसें, रक्तांतली साखर आणि घरांतल्या माणसांची शांतता या सर्वांना तें उपकारक आहे. परंतु प्रत्येक पावलागणिक पायावर येणारा भार हा आपल्या देहाचाच, आणि तो काल होता तेवढाच आज. स्नायूचा स्वभाव जुन्या कचेरींतल्या कारकुनासारखा असतो. कालच्याहून जास्त मागणी वरून आल्याशिवाय तो खुर्चीवरून हलत नाहीं. मी तेरा वर्षें त्याच्याकडे तीच मागणी करीत होतों.

मग आक्काकडे ती मागणी कोण करीत होतें? भातशेतीच करीत होती. आवणाच्या दिवसांत गुडघाभर चिखलांत दिवसभर वांकून लावणी करणें, कापणीनंतर भाताचे भारे डोक्यावरून खळ्यापर्यंत नेणें, पाण्याचे हंडे, सरपणाची मोळी. तिच्या देहाला जड वस्तु जमिनीवरून उचलण्याची संवय सहा-सात वर्षांच्या वयापासून होती. मला क्षणभर वाटलें कीं, आतां आपणहि गांवीं जाऊन शेतावर राबावें. परंतु त्याच पंगतींत आक्काच्या वयाच्या आणखी चार जणी होत्या. त्यांपैकीं एकीची कंबर काटकोनांत वांकलेली, दुसरीचे गुडघे धनुष्यासारखे बाहेर गेलेले. शेताचें ओझें हें माणसाची ताकद पाहून ठरत नाहीं, पिकाची गरज पाहून ठरतें. आज अंग दुखतें म्हणून भारा निम्मा करतां येत नाहीं, आणि पाऊस दाराशीं आला असतां विश्रांतीचा दिवस पाळतां येत नाहीं. कष्ट आणि व्यायाम यांतला हा भेद शहरांतले लोक खेड्यांचें कौतुक करतांना विसरतात. व्यायामांत ओझें मोजलेलें असतें, आणि तें वाढविण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार उचलणाराकडे असतो.

असा मोजलेला व्यायाम आपल्याकडे नव्हता काय? तालमी तर गांवोगांव होत्या. जोर, बैठका, मुद्गल आणि दगडी नाल हीं आपल्या मल्लविद्येचीं जुनीं साधनें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाला नवें जीवन दिलें हें प्रसिद्धच आहे. परंतु या पद्धतींत प्रगति मोजली जाते ती बहुधा आंकड्यानें: शंभर बैठकांच्या दोनशें, दोनशेंच्या पांचशें. विशीच्या मल्लाला तें ठीक. ज्याला एकहि पुरी बैठक येत नाहीं अशा सत्तरीच्या माणसानें सुरुवात कोठून करावी? आणि नाल तर एकाच वजनाचा दगड. तो उचलतो किंवा उचलत नाहीं, मधली पायरी नाहीं.

येथें औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांची आठवण होते. जन्म १८६८, मृत्यु १९५१. सूर्यनमस्कारांचे प्रवर्तक म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु १८९७ च्या सुमारास त्यांनीं युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलवंताचीं पुस्तकें व साधनें मागवून त्याच्या पद्धतीनें सुमारें दहा वर्षें व्यायाम केला होता, हें फारसें कोणाला ठाऊक नसतें. सँडो स्वतः १९०४-०५ मध्यें हिंदुस्थानांत खेळ करून गेला. पुढें भवानराव नमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनीं तो नेम म्हातारपणींहि सोडला नाहीं. १९३८ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्यांचें नमस्कारांवरचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्यांच्या आग्रहांतला मोठा भाग मला मान्य आहे: नमस्काराला पैसा लागत नाहीं, जागा लागत नाहीं, आणि सांधे मोकळे राहतात. तरी माझें नम्र मत असें कीं, ज्यानें तरुणपणापासून नमस्कार घातले आहेत त्याला ते सत्तरींत टिकवितात. ज्याचें बळ गेलेलें आहे त्याचें तें परत आणण्याला ते पुरे पडत नाहींत. तेथें भार पुन्हां आपल्याच देहाचा.

भार थोडाथोडा वाढवीत नेण्याची कल्पना तशी पुराणी आहे. दक्षिण इटलींतील क्रोटन या ग्रीक नगरींतला मायलो नांवाचा मल्ल रोज एक वासरूं उचलीत असे. वासराचा बैल झाला तरी तो उचलीतच राहिला, अशी कथा आहे. वैद्यकांत ती कल्पना आणली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनीं. गुडघ्याच्या दुखापतींतून उठणाऱ्या सैनिकांना तोंवर हलका व्यायाम पुष्कळ वेळां करावयास लावीत. डिलॉर्म यांनीं उलट केलें. वजन जड, आवर्तनें थोडीं, आणि जमेल तसें वजन वाढवीत जावयाचें. १९४५ सालीं त्यांनीं आपले अनुभव प्रसिद्ध केले. आतां वासरूं ज्या वेगानें वाढतें त्या वेगानें म्हाताऱ्याचें बळ वाढत नाहीं. म्हणून आम्हांला वासरूं नको, सव्वा किलोची चकती हवी.

ती चकती ज्याला लावतात तो बारबेल. एक सरळ पोलादी दांडा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना अडकविण्याच्या लोखंडी चकत्या. स्पर्धेंतला पुरुषांचा दांडा वीस किलोंचा, स्त्रियांचा पंधरांचा; शिकण्यासाठीं दहा किलोंचे किंवा त्याहून हलकेहि मिळतात. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती लावली कीं, वजन अडीच किलोंनीं वाढतें, आणि त्याहून लहान चकत्याहि असतात. वजन दोन्ही हातांत सारखें राहतें, शरीराच्या जवळून सरळ रेषेंत वर जातें, आणि काल किती उचललें हें वहींत लिहितां येतें. माझ्यासारख्या जन्मभर नोंदी ठेवीत आलेल्या माणसाला हें शेवटचें विशेष आवडलें.

‘या वयांत आतां काय होणार?’ हा प्रश्न मला माझ्या घरींच प्रथम ऐकावा लागला. त्याचें उत्तर १९९० सालीं बोस्टन शहरांतून आलें आहे. मारिया फियाटारोन आणि त्यांचे सहकारी यांनीं वृद्धांच्या एका निवासी रुग्णालयांतील दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा भारी वजनाचा व्यायाम दिला. या मंडळींचें सरासरी वय नव्वद होतें. नऊ जणांनीं तो पुरा केला, आणि त्यांचें बळ सरासरीनें शेंकडा १७४ वाढलें. चार वर्षांनीं त्यांनीं शंभर दुर्बळ वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. त्यांत व्यायाम करणारांचें बळ शेंकडा ११३ वाढलें, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची ताकद वाढली. याच प्रयोगांत कांहीं जणांना व्यायामाशिवाय नुसतें पौष्टिक पेय दिलें होतें. त्याचा बळावर परिणाम दिसला नाहीं. शक्तिवर्धक डब्यांवर पैसे खर्च करणाऱ्या कुटुंबांनीं हें वाक्य लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पंगतीच्या प्रसंगानंतर मी भोरच्या जुन्या घरांत राहावयास गेलों, आणि तेथल्या एका लहानशा व्यायामशाळेंत नांव घातलें. शिकविणारा मुलगा तेवीस वर्षांचा. त्यानें माझ्याकडून आधीं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, आणि ती आणल्यावर माझ्या हातांत झाडूची लांकडी काठी दिली. “काका, आज लोखंडाला हात लावायचा नाहीं.” मला राग आला. त्या मुलाचें बरोबर होतें हें कळावयास मला पांच महिने लागले.

पहिले तीन आठवडे मी एका उंच स्टुलावर बसत होतों आणि हात न टेकतां उठत होतों. पांच वेळां, मग दोन मिनिटें विश्रांति, पुन्हां पांच, पुन्हां पांच. दर आठवड्याला स्टुलाची उंची बोटभर कमी होई. पावलें खांद्याइतकीं अंतरावर, बोटें किंचित् बाहेर, गुडघे बोटांच्या दिशेनें, आणि टांचा जमिनीला चिकटलेल्या. स्टूल पुरेसें खालीं गेल्यावर दहा किलोंचा दांडा पाठीच्या वरच्या भागावर आला. ही आपली बैठकच. फरक इतकाच कीं, ती शंभर वेळां न करतां पांच वेळां करावयाची आणि ओझें हळूहळू वाढवावयाचें.

दुसरी क्रिया जमिनीवरच्या उचलीची. वृद्धांच्या दृष्टीनें सर्व क्रियांत ही मला श्रेष्ठ वाटते, आणि लोक भितात तेंहि हिलाच. दांडा नडगीला जवळजवळ चिकटून असावा. कमरेंतून मागें जावयाचें, जणूं पाठीमागचें दार कुल्ल्यांनीं लोटावयाचें आहे. गुडघे थोडे वांकतील. पाठ मानेपासून कमरेपर्यंत फळीसारखी सरळ. दांडा धरल्यावर हिसका द्यावयाचा नाहीं. आधीं हातांतली ढिलाई काढून घ्यावयाची, पोट आवळावयाचें, आणि मग जमीन पायांनीं खालीं ढकलावयाची. आक्काला पुढें मी हें सांगूं लागलों तेव्हां ती म्हणाली, “हंडा असाच उचलतात, त्यांत शिकायचं काय?” खरेंच आहे. ज्यांनीं हंडे उचलले त्यांना हें येतें; खुर्चीत बसून आयुष्य घालविलेल्यांना शिकावें लागतें. ज्यांची कंबर फार आंखडलेली आहे त्यांनीं दांडा जमिनीवर न ठेवतां वीतभर उंच ठोकळ्यांवर ठेवावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

उरलेल्या दोन क्रिया थोडक्यांत सांगतों. उभें राहून दांडा खांद्यापासून डोक्यावर नेणें, म्हणजे माळ्यावर डबा ठेवणें. पुढें झुकून दांडा पोटाकडे ओढणें, म्हणजे विहिरीचा पोहरा शेंदणें. खांदा दुखरा असेल तर पहिलीच्या जागीं भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून जोर काढावे.

आठवड्यांतून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार; प्रत्येक वेळीं चाळीस-पंचेचाळीस मिनिटें. यापेक्षां जास्त मी करीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांत वृद्धांना आठवड्यांतून निदान दोन दिवस बळाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे, त्याशीं हें जुळतें. विशीचा मुलगा दुसऱ्या दिवशीं ताजा होतो. माझ्या मांड्यांना तीन दिवस लागतात. स्नायु व्यायामाच्या वेळीं वाढत नाहीं, तो विश्रांतींत वाढतो. वजन कधीं वाढवावें? पांचहि आवर्तनें स्वच्छ झालीं आणि आणखी दोन सहज झालीं असतीं असें वाटलें तर पुढच्या खेपेला. नाहीं तर तेंच वजन पुन्हां.

हा नियम मला पाठ होता, आणि पांचव्या महिन्यांत मींच तो मोडला. चाळीस किलो जमिनीवरून सहज उठले होते. शिकविणारा मुलगा त्या दिवशीं गांवाला गेलेला. बाजूला दोन पोरें माझ्याकडे पाहत होतीं. मीं एकदम दहा किलो वाढविले. तिसऱ्या उचलीला पाठ गोल झाली, कमरेंत वीज चमकल्यासारखें झालें, आणि मी तेथेंच खालीं बसलों. चूक सर्वस्वी माझी. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, स्नायु ताणला आहे, हाडाला कांहीं नाहीं. पडून राहूं नका, चालत राहा. तीन आठवड्यांनीं मी वीस किलोंपासून पुन्हां सुरुवात केली. म्हाताऱ्यांना व्यायामांत जें नडतें तें बहुधा वय नसतें, पाहणाऱ्याची नजर असते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा उल्लेख केला, त्याविषयीं जरा सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण ती चिठ्ठी शोभेची नव्हे. जड ओझें उचलतांना श्वास कोंडून धरला तर रक्तदाब क्षणभर फार चढतो. तरुण पहिलवान तो सोसतो; रक्तदाबाच्या रोग्यानें उचलतांना श्वास सोडावा आणि खालीं नेतांना घ्यावा. रक्तदाब आटोक्यांत नसेल, छातींत दुखत असेल, महारोहिणीला फुगवटा असेल, अंतर्गळ असेल, किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांची स्पष्ट परवानगी मिळेपर्यंत दांड्याला हात लावूं नये. हृदयाची गति मंद करणारीं औषधें घेणारांनीं नाडी मोजून श्रमाचा अंदाज बांधूं नये. ती नाडी खरें सांगत नाहीं. मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनीं उपाशीपोटीं व्यायाम करूं नये, आणि खिशांत साखर ठेवावी. सांध्यांत थोडी कुरकुर झाली तर हरकत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती वाढलेली आढळली तर वजन उतरवावें. व्यायाम चालू असतां छातींत दडपण आलें, घाम सुटला किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर दांडा खालीं ठेवून सरळ दवाखाना गांठावा.

आहाराचें तर घरोघर सारखेंच चित्र दिसतें. वय झालें म्हणून रात्रीं दूधभात, सकाळीं चहा-बिस्किट, आणि डाळ पचत नाहीं म्हणून वरणाचें नुसतें पाणी. स्नायु कशाचा बांधावयाचा? वृद्धांना शरीराच्या दर किलोमागें रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनें लागतात, असें आतां तज्ज्ञ मानतात. साठ किलोंच्या माणसाला तीं साठ-सत्तर ग्रॅम झालीं. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम, पेलाभर दुधांत तितकींच, मूठभर शेंगदाण्यांत किंवा वाटीभर घट्ट वरणांत सात. हिशेब मांडून पाहा. बहुतेकांचा जमाखर्च तिसाच्या पुढें जात नाहीं असा माझ्या ओळखीच्या घरांतला अनुभव आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनीं मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हें वाढवूं नये.

बळाच्या जोडीला दम हवा. त्यासाठीं भोरचा रस्ता मला पुरतो. चढाचा तुकडा दोन मिनिटें झपाझप चालावयाचा, मग बोलतांना वाक्य तुटत नाहीं इतका श्वास बसेपर्यंत सावकाश उतरावयाचें. असें सहा वेळां. उतरणें टाळूं नये. चढतांना दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा उतरतांना होते, आणि गड पाहावयास आलेलीं वयस्कर माणसें पडतात तीं बहुतेक उतरतांनाच. ज्यांना याचा प्रत्यय हवा त्यांनीं रायरेश्वरावर जावें. शेवटचा कडा लोखंडी शिडीनें चढावा लागतो, आणि वर पठारावर माणसांची वस्ती आहे. पाठीवर धान्य घेऊन ती शिडी चढणारे वृद्ध तेथें दृष्टीस पडतात. मागच्या मार्गशीर्षांत मी ती शिडी चढलों आणि उतरलों. त्या सुमारास माझी बैठक चाळीस किलोंची होती आणि जमिनीवरची उचल साठांची. व्यायामशाळेंतल्या पोरांना हे आंकडे किरकोळ वाटतात. मला पाटावरून उठावयाचें होतें. त्याला ते पुरतात.

आतां आक्काचें सांगावयाचें राहिलें. वेल्हे तालुक्याचें नांव राजगड करण्यास मंत्रिमंडळानें मार्च २०२४ मध्यें मान्यता दिली. त्याच्या आदल्या वर्षीं तिच्या मुलानें तिला पुण्यास आणलें होतें. चौथ्या मजल्यावरचें बिऱ्हाड. लिफ्ट, नळाचें पाणी, गॅसची शेगडी. सून मायाळू, ती आक्काला पाण्याचा पेलाहि उचलूं देत नसे. “आई, तुम्ही बसा, जन्मभर कष्ट केलेत.” दीड वर्षांत आक्का खुर्चीच्या दोन्ही हातांवर रेटा दिल्याशिवाय उठेनाशी झाली. एका संध्याकाळीं ती न्हाणीघरांत पडली आणि मनगट मोडलें. मी भेटावयास गेलों तेव्हां ती पलंगावर बसली होती. पंगतींतल्या प्रश्नाची आठवण मीं काढली नाहीं, तिनेंच काढली.

बळ ही वतनी जमीन नव्हे, पिढ्यान् पिढ्या नांवावर राहावयास. आक्काच्या देहांतून मागणी बंद झाली आणि दीड वर्षांत तेथलीं खातीं मिटलीं. हाडांचेंहि तसेंच असतें. ओझें आलें तर हाड घट्ट होतें, न आलें तर ठिसूळ. तिची तपासणी झाली तेव्हां हाडें विरळ झालेलीं निघालीं. आतां अशा बाईनें उचलावें कीं नाहीं? पूर्वीचे डॉक्टर नाहीं म्हणाले असते. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत झालेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. हाडें विरळ झालेल्या एकशेंएक स्त्रिया, सरासरी वय पासष्ट. निम्म्यांना शिक्षकाच्या नजरेखालीं आठवड्यांतून दोनदां अर्धा तास, आठ महिने, जड बारबेल. पाठ सरळ ठेवून जमिनीवरची उचल, बैठक आणि डोक्यावरची उचल. त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता शेंकडा २·९ वाढली. घरीं हलका व्यायाम करणाऱ्या निम्म्यांची शेंकडा १·२ घटली. आक्काच्या डॉक्टरांनीं हें वाचलेलें होतें. मनगट पुरतें जुळल्यावर त्यांनीं दोन अटींवर परवानगी दिली: पाठ गोल करून वांकावयाचें नाहीं, आणि शिकविणारा समोर असल्यावांचून वजन उचलावयाचें नाहीं.

सून रडली. मुलगा म्हणाला, “मामा, लोक काय म्हणतील? आईला आम्हीं व्यायामशाळेंत मजुरीला लावलं असं म्हणतील.” आक्कानें दोघांना गप्प केलें. गेले पांच महिने ती सोमवारीं आणि गुरुवारीं घराजवळच्या व्यायामशाळेंत जाते, नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट खोंवून. पहिल्या दिवशीं तिच्याहि हातांत काठीच आली. पहिल्या महिन्यांत ती उंच स्टुलावरून उठली, दुसऱ्यांत खुर्चीवरून. तिसऱ्यांत ठोकळ्यांवर ठेवलेला साडेसात किलोंचा दांडा. घरांत पाण्याचा पेला आतां ती स्वतः घेते, आणि सूनबाईनें भाजीची पिशवी तिच्या हातांतून काढून घेणें सोडलें आहे.

गेल्या गुरुवारीं मी पुण्यांत होतों म्हणून बरोबर गेलों. तिनें साडेसतरा किलो पांच वेळां उचलले. दांडा खालीं ठेवून पदरानें कपाळ पुसलें आणि म्हणाली, “भरला हंडा एवढाच असतो.” मग शिकविणाऱ्या मुलाला हांक मारून तिनें दोन्ही बाजूंना एकेक चकती आणखी लावावयास सांगितलें. मुलानें वहींत पाहिलें आणि मान हलविली. “आजी, पुढच्या खेपेला.”